लाईन असलेल्या सिकलच्या लेकराचा हात रोज टेपने कसा मोजायचा

मी साकोलीला शिवणकाम करते. माझ्या लेकीला सिकल सेल हा रक्ताचा आजार आहे. तिचा पॅटर्न एसएस, म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही सिकल आलेला. ती सतरा वर्षांची असताना नडगीच्या हाडात जंतुसंसर्ग झाला आणि सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक द्यायचं ठरलं. लहानपणापासून टोचून टोचून नसा सापडेनाशा झालेल्या, म्हणून नागपूरला उजव्या दंडातून पिक लाईन टाकली. ही नळी दंडातून आत सरकवत थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेतात.

नवव्या दिवशी संध्याकाळी तिच्या गाऊनची बाही दंडाला काचायला लागली. ती बाही मीच शिवली होती, मुद्दाम ऐसपैस. रात्रपाळीला सांगितलं, तर “हातावर झोपली असेल” म्हणाले. मी पिशवीतली टेप काढली. डावा दंड नऊ इंच, उजवा साडेदहा. सकाळी डॉपलर सोनोग्राफी झाली आणि शिरेत गुठळी दिसली.

सिकलमध्ये रक्त एरवीही गोठायला टपलेलं असतं. कडक झालेल्या लाल पेशी शिरेच्या आतल्या अस्तराला चिकटतात, ते खरवडतात. त्यात नळी आली की अस्तर आणखी दुखावतं आणि नळीभोवती रक्ताचा वेग मंदावतो. वर दुखणं उठलेलं, अंगात पाणी कमी, पोर दिवसभर पडून. गुठळीला आणखी काय हवं?

लाईन टाकायच्या आधीच दोन्ही दंड मोजून ठेवा, ही पहिली गोष्ट. मूळ माप नसेल तर पुढचं माप कशाशी ताडणार? कोपराच्या टोकापासून वर चार इंचांवर पेनाने खूण करा आणि रोज त्याच खुणेवर मोजा. खूण पट्टीखाली जात असेल तर पट्टीच्या वर करा, पण दोन्ही हातांना सारखीच. हात सैल सोडलेला, टेप कातडीला टेकलेली, आवळलेली नाही. ब्लाऊजचं माप घेताना आपण बोटभर जागा सोडतो, इथे ती सोडायची नाही. रोज सकाळी एकाच वेळी मोजून तारखेसह वहीत लिहा. माप इंचभर वाढलं तर त्याच वेळी डॉक्टरांना वही दाखवा. माप तेवढंच असलं तरी दंड, खांदा किंवा मान दुखणं, हात लालसर-निळसर होणं, छातीवर नव्या शिरा उठून दिसणं, तोंड सुजणं, यातलं काहीही दिसलं की सांगायचं. लाईनमधून औषध जातं पण रक्त मागे येत नाही, हीसुद्धा खूणच.

सुजलेला हात तेल लावून चोळू नका. आमच्याकडे आजी लगेच वाटी घेऊन बसते, तिला प्रेमाने थांबवा. शेकही नको.

गुठळीची शंका असेल तर सोनोग्राफीच मागा. डी-डायमर नावाची रक्ततपासणी सिकलमध्ये तशीही वाढलेली येते, तिच्यावरून फारसं कळत नाही. गळ्याच्या हाडामागची शीर सोनोग्राफीत नीट दिसत नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल येऊनही सूज वाढतच असेल तर पुढची तपासणी कोणती, हे विचारा.

अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, तर “सिकलचंच दुखणं असेल” म्हणून घरी थांबू नका. गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. 108 लावा आणि लाईन आहे हे सगळ्यात आधी सांगा. तापालाही तीच घाई, कारण लाईनमध्ये जंतू शिरले तर जिवावर बेततं.

रोजच्या सांभाळात चार गोष्टी पाहा. त्या हातावर बीपीचा पट्टा नको, पण बोटं आणि कोपर हलवत राहू द्या. पाणी डॉक्टरांनी सांगितलं तेवढं भरपूर. फ्लश करायला, म्हणजे नळी सलाईनने धुवायला, 10 मिलीचीच सिरिंज. अडलं तर जोर लावायचा नाही. आणि रोज राऊंडला विचारा, “लाईनची अजून गरज आहे का?” हा प्रश्न विचारायला मला सुरुवातीला संकोच वाटायचा. आता वाटत नाही.

लेकीची लाईन लगेच काढली नाही. ती चालू होती आणि अँटिबायोटिक बाकी होतं, म्हणून रक्त पातळ करणारं इंजेक्शन पोटावर सुरू केलं, पुढे गोळ्या. निदान तीन महिने म्हणाले. या काळात दुखणं उठलं की हात सवयीने डायक्लोफेनॅककडे जातो. त्याने रक्तस्राव वाढू शकतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. पाळीत जास्त जायला लागलं तरी लाजू नका, सांगा. पूजा आली म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या परस्पर आणू नका, हार्मोनच्या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढू शकतो.

कपड्यांचं माझ्या हातातलं काम: बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उघडी ठेवून टिच बटणं लावा. दंडाच्या मापात तीन इंच जादा, इलास्टिक अजिबात नको.

लाईन निघाल्यावर मी तिच्या फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलं: “एसएस. उजव्या दंडात लाईनमुळे गुठळी झाली होती.” पुढच्या वेळी ॲडमिट करताना डॉक्टरांनी आधी तेच वाचलं आणि नसेत साधी सुई लावून भागवलं.