ऐंशीला स्टेअरिंग थरथरतं? वापरलेल्या गाडीतला दोष शोधायची रीत

गाडी विकणारा चक्कर मारायला देतो ती बहुतेक वेळा गल्लीतच. तिथं काटा चाळीस-पन्नासच्या वर जात नाही आणि चाकाची थरथर खरी उघडी पडते ८० च्या पुढे. त्यामुळे व्यवहार ठरण्याआधी गाडी एकदा हायवेवर, निदान ९० पर्यंत चालवून बघायचा आग्रह धरा. मालक त्याला तयार नसेल तर त्यातूनही काय ते कळतंच.

८० हाच आकडा का, हे समजलं की पुढचं शोधकाम सोपं होतं. स्विफ्टच्या बऱ्याच मॉडेलना १६५/८० आर १४ मापाचे टायर असतात. हा टायर एका फेऱ्यात साधारण १.९ मीटर पुढे जातो. ९० च्या वेगाला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला १३ वेळा फिरतं. रिमच्या कडेला एका बाजूला ३० ग्रॅम वजन जास्त असेल, तर या वेगाला ते चाकाला साडेतीन-पावणेचार किलोचा झटका देतं, तोही सेकंदाला १३ वेळा. वेग निम्मा केला की झटका पावपट होतो, म्हणून गावात काहीच जाणवत नाही. शिवाय चाक आणि सस्पेन्शन स्वतःहून ज्या लयीत हलतात ती लयही साधारण याच पट्ट्यात येते. म्हणूनच काही गाड्या ८० ते १०० मध्ये थरथरतात आणि ११० ला पुन्हा शांत होतात. शांत झाली म्हणजे दोष गेला असं मात्र नाही.

पहिलं काम रस्त्यावरचं. आधी गाडी थंड असताना चारही टायरची हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढी करा. नंतर सरळ, मोकळा, डांबरी रस्ता निवडा. सिमेंटच्या रस्त्यावर दर साडेचार मीटरच्या आसपास सांधा असतो, त्याची ठकठक चाकाच्या दोषासारखी वाटून फसगत होते. सोबत एक माणूस घ्या आणि थरथर किती वेगाला सुरू होते, कुठे जास्त होते, कुठे थांबते हे त्याला लिहून ठेवायला सांगा.

आता त्याच वेगावर चार गोष्टी तपासा. एक, ८० ला चौथ्या आणि मग पाचव्या गिअरमध्ये चालवा. थरथर तशीच राहिली तर दोष चाकाकडे, गिअरबरोबर बदलली तर इंजिनाकडे. दोन, क्लच दाबून न्यूट्रल करा आणि गाडी घरंगळू द्या. चावी अजिबात बंद करू नका, स्टेअरिंग लॉक होऊ शकतं आणि ब्रेकही जड होतो. ऑटोमॅटिक गाडीत न्यूट्रलच्या भानगडीत न पडता नुसता ॲक्सिलरेटर सोडा. तीन, ७० वरून जोरात ॲक्सिलरेटर द्या. चार, मागे कुणी नाही हे पाहून ९० वरून हलका, लांब ब्रेक लावा.

पुढचं सगळं या चार उत्तरांवर चालतं. गिअर कुठलाही असो, पाय ॲक्सिलरेटरवर असो वा नसो, ठरावीक वेगाला थरथर येतेच, तर चाक, टायर, रिम किंवा हब (चाक ज्यावर बसतं तो फिरता भाग). फक्त ॲक्सिलरेटर दिल्यावर येते, तर ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारा दांडा). फक्त ब्रेकवर येते, तर डिस्क किंवा मागचे ड्रम. उभ्या गाडीत न्यूट्रलला रेस दिल्यावरही येते, तर इंजिन माउंटिंग (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते). त्याचा वेगाशी संबंध नाही. हात आणि बूड यांचंही ऐका: स्टेअरिंग हलत असेल तर पुढची चाकं, सीट आणि फरशी हलत असेल तर बहुधा मागची.

दहापैकी बहुतेक गाड्यांत गोष्ट चाकापाशीच संपते. तिथे घाई करू नका, कारण गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं ते "अलाइनमेंट करून घ्या". अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. ती बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं झिजतात. थरथर तिनं थेट येत नाही आणि ती केल्यानं जातही नाही. टायर वेडेवाकडे झिजले असतील तर अलाइनमेंट लागेल, पण ती टायरचं काम झाल्यावर.

चाक काढून आतली बाजू बघा. पावसाळ्यात रिमच्या आतल्या कडेला चिखल साचून वाळतो आणि दगडासारखा बसतो. मूठभर वाळका चिखल म्हणजे शंभर ग्रॅमच्या पुढे वजन. खरवडून, धुऊन पुन्हा चालवून बघा. कित्येकदा इतकंच पुरतं. चाकाचा तोल साधायला रिमला लावलेलं बॅलन्सिंगचं वजन पडून गेल्याची खूण म्हणजे रिमवर क्लिपचा स्वच्छ ओरखडा किंवा चिकटपट्टीचा चौकोनी डाग. टायरमध्ये पंक्चरचं जेल भरलंय का, तेही विचारा. गाडी उभी असताना ते पातळ द्रव्य तळाशी साचतं. अशा चाकाचं बॅलन्सिंग आज बरोबर आणि उद्या चूक.

टायरवर हात फिरवा. साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूला, फुगा असेल तर आतले धागे तुटलेत. ते चाक वाचवायचा प्रयत्नच नको. नक्षीवर एक पट्टा उंच आणि शेजारचा खोलगट लागला तर आतला पट्टा सुटायला लागलाय, हाही टायर गेला. साइडवॉलवरचा चार आकड्यांचा कोड वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा टायर संशयितच धरा. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीचे टायर तळाशी चपटतात, पण ते बहुतेक वेळा पंधरा-वीस किलोमीटरमध्ये तापून गोल होतात. तेवढं चालवूनही थरथर राहिली तर चपटेपणा कायमचा झालाय किंवा कारण दुसरं.

रिम आऊट, म्हणजे वाकडी फिरणारी, आहे का ते घरीच कळतं. सपाट जागी, हँडब्रेक ओढून, दुसऱ्या चाकांना दगड लावून जॅक लावा आणि गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर हात घालू नका. विटेवर एक स्क्रूड्रायव्हर ठेवून त्याचं टोक रिमच्या कडेजवळ, जवळजवळ टेकेल असं आणा आणि चाक हळूहळू फिरवा. टोक आणि रिममधली फट दीड मिलिमीटरपेक्षा जास्त कमी-जास्त होत असेल तर रिम वाकली आहे. असंच टायरच्या नक्षीवरही बघा. लोखंडी रिम सरळ करता येते. अलॉयला तडा असेल तर वेल्डिंगच्या नादी लागू नका, बदला.

दोषी चाक नेमकं कोणतं? स्टेपनी त्याच मापाची आणि धड असेल तर एकेका चाकाच्या जागी ती लावून तोच रस्ता धरा. ज्या बदलानं थरथर गेली ते चाक दोषी. स्टेपनी लहान मापाची असेल तर हा प्रयोग करू नका. त्याऐवजी पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावा. थरथर स्टेअरिंगवरून सीटवर आली तर दोष चाकाबरोबर फिरतोय. जागची हलली नाही तर चाक निर्दोष, हब किंवा डिस्क बघा.

बॅलन्सिंगला गेलात तर समोर उभे राहा. जुनी सगळी वजनं काढून सुरुवात करायला सांगा. मशिनवर आत-बाहेर दोन्हीकडे शून्य आल्यावर चाक सैल करून, अर्धा फेरा फिरवून, पुन्हा कसून फिरवायला लावा. आता १५-२० ग्रॅम दाखवलं तर चाक मशिनवर मधोमध बसलं नव्हतं आणि आधीचं काम फुकट गेलं. एकाच रिमला ८०-१०० ग्रॅम लागत असेल तर वजनं ठोकत बसण्यात अर्थ नाही, टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवायला सांगा.

बाहेरून बसवलेले अलॉय असतील तर रिमचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असू शकतं. मग चाक नुसत्या नटांवर बसतं आणि एखादा मिलिमीटर बाजूला सरकतं. मधली रिंग बसवली की प्रश्न मिटतो. नटही अलॉय रिमसाठीचेच हवेत.

आता ब्रेक. ब्रेक दाबताच स्टेअरिंग हलतं आणि पॅडल पायाखाली धडधडतं, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. लेथवर घासून ती सपाट करता येते (फेस मारणं), पण डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली जायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटं चालवल्यावरच थरथर सुरू होत असेल आणि एका चाकाशी जळका वास येत असेल, तर कॅलिपरची (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) पिन जाम आहे. तिथं नुसती डिस्क बदलली तर तीही महिन्याभरात तशीच होते.

ॲक्सिलरेटर देताना गाडी डावी-उजवी झुलल्यासारखी थरथरते आणि पाय उचलताच थांबते, तर ड्राइव्ह शाफ्टचा गिअरबॉक्सकडचा जॉइंट झिजलाय. रबर बूट फाटून ग्रीस उडालंय का ते बघा. पूर्ण वळवलेल्या स्टेअरिंगवर कटकट आवाज येतो तो चाकाकडच्या जॉइंटचा.

बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा, ईको अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत प्रोपेलर शाफ्टही (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा लांब दांडा) तपासा. तो चाकापेक्षा सुमारे चौपट वेगानं फिरतो, म्हणून त्याची थरथर बारीक, घुमणारी असते आणि फरशीतून येते. शाफ्ट हातानं पिळून क्रॉसमध्ये (शाफ्टच्या टोकाच्या सांध्यात) ढिलेपणा आहे का, सेंटर बेरिंगचं रबर फाटलंय का ते पाहा. शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही टोकांना रंगाची खूण करा. उलट बसला तर नवीन क्रॉस घालूनही थरथर राहते.

वळणावर घूं आवाज वाढत असेल तर व्हील बेरिंग. उजवीकडे वळताना वाढला तर बहुधा डावं.

बॉल जॉइंट, टाय रॉड, लोअर आर्म बुश या स्टेअरिंग-सस्पेन्शनच्या सांध्यांचा ढिलेपणा थरथर निर्माण करत नाही, पण असलेली थरथर तिप्पट करून दाखवतो. आणि चाकं निर्दोष असूनही हब वाकडा फिरत असेल तर गाडीनं मोठा मार खाल्लाय असं धरा. बॉनेट उघडून पुढच्या फेंडरच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा शोधा.

चाकं बसवताना नट ताऱ्याच्या क्रमानं, टॉर्क पान्यानं (ठरावीक जोर मोजून कसणाऱ्या पान्यानं) कसा. लहान गाड्यांना बहुधा ८५ ते ११० न्यूटन मीटर लागतात, आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. हवेच्या गननं ठोकून बसवू नका. ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा पाना लावा.