गुलाबी छाप पडली म्हणून अळंबं वारुळाचं ठरत नाही

आषाढात मी अळंबी घेऊन मायक्रोस्कोपशी बसले की शेजारची काकी विचारते, "दुर्बिणीतून बघून अळमी खातत काय गो?" खाण्यासाठी नाही, नाव ठरवण्यासाठी बघते.

आधी छाप घ्या, म्हणजे छत्रीतून गळणाऱ्या बीजाणूंच्या (अळंब्याच्या सूक्ष्म बियांच्या) भुकटीचा ठसा. देठ छत्रीच्या लगत कापा, छत्रीच्या पोटातले पापुद्रे खाली करून छत्री काचपट्टीवर ठेवा, वर रात्रभर वाटी झाका. सगळे जण काचेऐवजी कागद घ्यायला सांगतात. आपल्याकडे पावसात कागद ओला होऊन छाप पसरते, म्हणून काचच बरी. छत्री भिजलेली असेल तर आधी फडक्याने टिपून घ्या. सकाळी भुकटी ब्लेडने एकत्र ओढून पांढऱ्या कागदावर रंग बघा. कोवळेपणी पांढरे पापुद्रे दाखवून फसवणाऱ्या क्लोरोफिलम या विषारी अळंब्याची छाप हिरवट येते, ते इथेच बाद.

वारुळावरच्या अळंब्याची, म्हणजे टर्मिटोमायसिसची, छाप गुलाबीसर. पण एन्टोलोमा या दुसऱ्या अळंब्याचीही तशीच, आणि त्यात विषारी जाती आहेत. खरं काम इथून पुढे. सुईच्या टोकावर मावेल एवढीच भुकटी पाण्याच्या थेंबात घ्या, कव्हर स्लिप (झाकायची पातळ काच) तिरकी टेकवून हळू सोडा. १० च्या भिंगाने शोधा, मग ४० चं लावा. वारुळाच्या अळंब्याचे बीजाणू गुळगुळीत, अंडाकृती. एन्टोलोमाचे कोनवाले, खडीसाखरेच्या खड्यासारखे. एकदा पाहिलेत की विसरणार नाही.

मापही घ्या. माझ्या यंत्रात ४० च्या भिंगाखाली नेत्रिकेतल्या (डोळ्याकडच्या भिंगातल्या) पट्टीचं एक घर २.५ मायक्रॉन भरतं; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुमचं वेगळं असेल, स्टेज मायक्रोमीटरने (ठरलेल्या मापाच्या रेषा कोरलेल्या काचपट्टीने) पडताळा. आडवे पडलेले वीस-तीस बीजाणू मोजा. टर्मिटोमायसिसचे साधारण ६ ते ९ मायक्रॉन लांब, म्हणजे मला तीन घरं. पापुद्रा चिरडून मोजू नका, त्यात कच्चे बीजाणू येतात.

गुळगुळीत गुलाबी बीजाणू प्लुटियस या आणखी एका अळंब्याचेही असतात. म्हणून देठाच्या मुळाशी खणा. वारुळाच्या अळंब्याचं लांब शेपूट थेट वाळवीच्या घरापर्यंत जातं. मी पहिल्या वर्षी अळंबी वरच्यावर खुडून आणली आणि दोन रात्री उगाच बीजाणू मोजत बसले.

काम झालं की मायक्रोस्कोप सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात ठेवा. माझ्या ४० च्या भिंगावर एका श्रावणात बुरशीच धरली होती.