हाखेलस्लाख: ब्रेड, बटर आणि चॉकलेटचे दाणे, पुण्यात कसं करायचं

नेदरलँड्सला डेप्युटेशनवर जाऊन आलेल्या कुणाच्या घरी गेलात की स्वयंपाकघरात एक पुठ्ठ्याचा खोका बहुतेक दिसतोच, चॉकलेटच्या बारीक दाण्यांचा. हे केकवर टाकायचे नाहीत बरं का. तिकडे मोठी माणसं, अगदी टाय लावून बँकेत जाणारी, सकाळी ब्रेडला बटर लावून त्यावर हे दाणे पसरून खातात आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. याचं नाव हाखेलस्लाख. 'ख' घशातून खरवडून काढायचा, नाही जमला तरी चव तीच लागते.

करायला दोन मिनिटं लागतात, मग एवढं लिहायचं काय असं वाटेल, पण माल चुकीचा आणला तर मुलं दोन घास खाऊन बशी सरकवतात म्हणून लिहितेय. सगळा खेळ दाण्यांचा आणि बटरचा, ब्रेडचा नंबर त्यानंतर.

आधी दाणे. रविवार पेठेत केकच्या सामानाच्या दुकानात 'चॉकलेट वर्मिसिली' म्हणून जे सुटं किंवा पिशवीत मिळतं ते बहुतेक वेळा साखर, वनस्पती तूप आणि नावाला कोको असतं, दिसायला झकास, तोंडात टाकलं की कचकच वाजतं आणि टाळूला मेणासारखा थर बसतो. पिशवी उलटी करून मागचं वाचा. कोको सॉलिड्स, कोको बटर असं लिहिलेलं असेल तर घ्या, हायड्रोजनेटेड फॅट वरच्या दोन-तीन नावांत असेल तर ते केकलाच राहू द्या. युरोपात याचा नियमच आहे, दाण्यांना साधं चॉकलेट म्हणायचं तर कोकोचा अंश किमान ३२ टक्के हवा आणि त्यात कोको बटर किमान १२ टक्के, नाहीतर खोक्यावर चॉकलेट हा शब्द टाकता येत नाही, 'काकाओफान्तासी' असं काहीतरी लिहावं लागतं. त्यामुळे कुणी तिकडून येणार असेल आणि आणू का विचारलं तर 'प्यूर' म्हणजे डार्क सांगा. मिल्कवालं लहान मुलांना आवडतं पण आपल्या बटरबरोबर मला ते जरा जास्तच गोड लागतं.

चांगले दाणे मिळालेच नाहीत तर एक सोपा मार्ग आहे. डार्क चॉकलेटचा बार अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि बटाटे सोलायच्या सोलाण्याने त्याची कड खरवडा. पातळ, वळलेले काप पडतात, बोट लावलं की विरघळायला लागतात, त्यामुळे बारला कागद गुंडाळूनच धरायचा. ही काही फसवाफसवी नाही, तिकडे असे कापही खोक्यात विकतात, त्यांना व्लोकन म्हणतात, आणि खरं सांगू का, मला दाण्यांपेक्षा तेच जास्त आवडतात.

बटर. हे महत्त्वाचं. फ्रीजमधून काढून लगेच लावायला गेलात तर ब्रेड फाटतो आणि बटरचे गोळे राहतात, मग दाणे चिकटणार कशाला? उन्हाळ्यात दहा मिनिटं आणि डिसेंबरात चांगला अर्धा तास आधी बाहेर काढा. आपलं नेहमीचं अमूल खारट असतं, आणि चॉकलेटखाली ते खारटपण मस्त लागतं, मुद्दाम अनसॉल्टेड शोधत फिरू नका. घरचं लोणी पण चालतं पण त्यातलं पाणी नीट निथळलेलं पाहिजे, नाहीतर ब्रेड ओला होतो. आणि लावायचं ते अगदी कडेपर्यंत, मधे थापून कडा कोरड्या ठेवल्या की दाणे सगळे बशीत.

ब्रेड मऊ आणि ताजा, पांढरा किंवा ब्राउन कुठलाही. कोपऱ्यावरच्या बेकरीतून सकाळी अख्खा ब्रेड आणून घरी जाडसर कापलात तर उत्तम. भाजायचा नाही. भाजलेल्या गरम टोस्टवर दाणे वितळून चॉकलेटचा लेप होतो, तो काही वाईट नाही, पण मग दाताखाली येणारी ती मजा गेली. पाव मधून उघडून आतल्या बाजूला लावलं तरी छान लागतं, आणि गार पोळीवर बटर लावून दाणे भुरभुरून सुरळी केली तर डब्यालाही जातं. डच माणूस बघून काय म्हणेल ते म्हणो.

आता दाणे घालायचे. एका स्लाइसला दोन-तीन चमचे, कंजुषी नको, खालचं बटर दिसता कामा नये. वरून ओतले की निम्मे घरंगळतात, त्यापेक्षा बशीत दाणे पसरा आणि बटरची बाजू खाली करून ब्रेड त्यावर ठेवा, तळहाताने हलकेच दाबा आणि उचला. एकसारखा थर येतो, सांडलवंड नाही, मुलांनाही हे काम फार आवडतं. वर दुसरी स्लाइस ठेवायची नाही, उघडंच खायचं. हाताने खा नाहीतर काट्या-सुरीने, तिकडे दोन्ही चालतं.

चॉकलेटचे दाणे व्हेंझ कंपनीने १९३६ मध्ये काढले. त्याच्या आधी १९१९ मध्ये व्हेन्को कंपनीच्या डीपरिंक यांनी ॲनिसीडच्या, म्हणजे बडीशेपेसारख्या लागणाऱ्या एका बीच्या, स्वादाचे पांढरे साखरदाणे काढले होते, ते पण ब्रेडवरच टाकायचे. ॲनिसीडचा अजून एक प्रकार म्हणजे माउश्येस, साखरेचा थर दिलेले ॲनिसीड. बाळ झालं की भेटायला येणाऱ्यांना गोल कुरकुरीत बिस्किटासारख्या टोस्टवर बटर आणि हे दाणे घालून देतात, मुलगी असेल तर गुलाबी-पांढरे, मुलगा असेल तर निळे-पांढरे, आपल्याकडे बर्फी आणि पेढे वाटतात ना तसंच. हा प्रकार पुण्यात करायचा तर बेकरीतला साधा, वेलची नसलेला टोस्ट घ्या आणि वर मुखवासातली रंगीत साखरेची बडीशेप. ॲनिसीड आणि बडीशेप एक नव्हेत, पण स्वाद बराच जवळ जातो.

ठेवायचं कुठे हा पुण्यात एप्रिल-मेचा प्रश्न. कोको बटर साधारण ३४ डिग्रीला वितळतं आणि दुपारी आपल्याकडे पारा त्याच्या वर असतो, म्हणजे खोका ओट्यावर राहिला तर संध्याकाळी आत एकच ढेकूळ. फ्रीजमध्ये ठेवलं तर बाहेर काढल्यावर दमट होऊन पांढुरके डाग पडतात, चवीला फरक नाही पण दिसायला कसंतरीच. त्यामुळे या दोन महिन्यांत थोडंच आणा, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा आणि घरातल्या सगळ्यात गार खोलीत, गॅसपासून लांब, खालच्या फळीवर ठेवा. पुठ्ठ्याच्या खोक्यात मात्र ठेवू नका, मुंग्यांना एका रात्रीत पत्ता लागतो.