सपरीतला शिलाईचा कोपरा

दिवाळीच्या सुमाराला आमच्या यवतमाळकडच्या घरात वेचलेला कापूस भरला जातो, आणि माझी मशीन त्याच खोलीत अडकायची. शटलमध्ये, म्हणजे सुईखालच्या बॉबिनच्या भागात, रुईचे तंतू बसून टाके सुटायचे. यंदा सासूबाईंना सांगून सपरीचं, म्हणजे ओसरीचं, खिडकीजवळचं टोक मागून घेतलं. मशीन अशी ठेवली की उजेड डावीकडून येतो, उजव्या हाताची सावली सुईवर पडत नाही. एवढ्यानंच डोळ्यांना केवढा आराम!

कापायला जुनं दार विटांवर टाकलं, ३६ इंच उंच. खाली बसून कापताना धरणारी कंबर आता दुखत नाही. सुती कापडाची १४ नंबर आणि जीन्सची १६ नंबर सुई वेगळ्या डब्यांत. रात्री शटल ब्रशनं झाडते, थेंबभर तेल घालते. सकाळी आधी चिंधीवर शिवते, नाहीतर गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला डाग पडतो.