रांगणा एका दिवसात: कोल्हापूरहून मित्रांसह जाणाऱ्यांसाठी

कोल्हापूरकरांना पन्हाळा आणि जोतिबा घरच्यासारखे असतात, पण दिवसभराची खरी डोंगरभटकंती करायची असेल आणि शेवटी कोकणाकडे उघडणारी दरी पाहायची असेल, तर भुदरगड तालुक्यातील रांगणा, म्हणजेच शिवकाळातील प्रसिद्धगड, याच्याइतका समाधान देणारा गड जिल्ह्यात क्वचितच सापडेल. हा गड सह्याद्रीच्या ऐन कडेवर, घाटमाथ्यापासून अरुंद खिंडीने वेगळ्या झालेल्या डोंगरावर आहे. देशावरून येणारी वाट घाटमाथ्याच्या उंचीवरूनच जात असल्यामुळे छाती भरून यावी असा सलग चढ येथे फारसा नाही. त्यामुळेच अनेक गट याला सोपा समजून उशिरा निघतात. रांगण्याची कसोटी चढात नसून अंतरात, जंगलात आणि घड्याळात आहे, आणि सगळी आखणी हे गृहीत धरूनच करावी लागते.

आखणी सकाळपासून न करता सूर्यास्तापासून मागे मोजत करावी. डिसेंबरमध्ये या भागात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दाट झाडीत अंधार त्याच्याही आधी उतरतो. म्हणून पाच वाजेपर्यंत सर्व जण गाडीपाशी पोहोचलेच पाहिजेत. साधी गाडी जेथपर्यंत जाते त्या भटवाडीपासून पायी जाणार असाल तर एका बाजूस तीन तास धरावेत, म्हणजे दुपारी दोन वाजता गड सोडणे भाग आहे. गडावर किमान तीन तास हवे असतील तर अकराच्या आत दरवाजात आणि आठच्या आत भटवाडीतून वाटेला लागायला हवे. अशा रीतीने मागे येत गेल्यास कोल्हापूर पहाटे पाच वाजता सोडावे लागते. दोन वाजता गड सोडण्याची वेळ निघण्यापूर्वीच सर्वांना सांगून ठेवावी. कोणी कितीही आग्रह केला, एखादा बुरूज पाहायचा राहिला, तरी ती वेळ पुढे ढकलू नये.

ऋतूची निवड ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत करावी. पावसाळ्यातील रांगणा अतिशय देखणा असतो हे खरे, परंतु जून ते सप्टेंबर या काळात ओढे अचानक फुगतात, धुक्यात ढोरवाटा आणि खरी वाट यांतला फरक कळत नाही आणि जळवा अंगावर चढतात. या भागातील पावसाचा जोर किती असतो याची साक्ष इतिहासच देतो. १७०८ मध्ये शाहू महाराजांच्या फौजांनी महाराणी ताराबाईंच्या पक्षाकडे असलेल्या या गडाला वेढा घातला होता, पण पावसाळा सुरू झाल्यावर तो उठवावा लागला. ज्यांना हा प्रदेश पायाखालचा नाही त्यांनी पहिली भेट तरी हिवाळ्यातच द्यावी. मार्चनंतर ऊन तापते आणि वाटेवरचे पाणी आटत जाते.

कोल्हापूरहून कळंबा, बिद्री, मुदाळतिट्टा या मार्गाने गारगोटी सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे आणि तेथून कडगावमार्गे पाटगाव आणखी सुमारे तीस किलोमीटर. एसटीने गारगोटीला जाऊन पुढे पाटगावची गाडी धरता येते, परंतु एका दिवसात परत यायचे असेल तर स्वतःचे किंवा भाड्याचे वाहन हवेच. पाटगावात मौनी महाराजांचा मठ आहे. दक्षिणेच्या स्वारीपूर्वी शिवाजी महाराज त्यांच्या दर्शनास आले होते असे परंपरा सांगते. सकाळच्या घाईत हा मठ पाहणे होत नाही, मात्र परतताना उजेड असेल तर अवश्य थांबावे. पाटगावच्या पुढे भटवाडीपर्यंत साधी गाडी जाते. तेथून तांब्याची वाडी आणि चिक्केवाडीकडे जाणारा रस्ता कच्चा आहे. जीपसारखे उंच वाहन आणि कच्च्या रस्त्याचा सराव असलेला चालक असेल तरच गाडी पुढे न्यावी. बुडाला घासणारी कार अर्ध्या वाटेत अडकली तर चालण्याचा वेळ ती बाहेर काढण्यातच जातो.

वाटाड्या घ्यावा की नाही, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: गटात रांगणा पूर्वी केलेला कोणी नसेल तर भटवाडी किंवा चिक्केवाडीतील माहितगार माणूस योग्य मोबदला देऊन सोबत घ्यावा. जंगलात गुरांच्या वाटा अनेक ठिकाणी मुख्य वाटेला फुटतात आणि त्या मुख्य वाटेइतक्याच मळलेल्या असतात. शिवाय गव्यांचा वावर सध्या कोणत्या बाजूला आहे, कोणत्या ओढ्याला अजून पाणी आहे, कोणत्या कड्याला आग्यामोहोळ लागले आहे, हे त्या माणसाला ठाऊक असते. मोबाईलवर नकाशा आधीच उतरवून ठेवावा, पण नेटवर्कवर विसंबू नये. हा वनक्षेत्राचा भाग असल्याने प्रवेशासंबंधी काही निर्बंध आहेत का, याची चौकशी स्थानिक वन कर्मचाऱ्यांकडे आदल्या दिवशीच करावी, आणि आपण कोठे चाललो आहोत व किती वाजेपर्यंत फोन करू हे घरी एका व्यक्तीला लिहून पाठवावे.

सहा ते आठ जणांचा गट सर्वांत सोयीचा असतो. सर्वांत पुढे वाट जाणणारा, सर्वांत मागे दमदार आणि शांत स्वभावाचा एक जण, आणि या दोघांच्या मध्ये बाकीचे, असा क्रम दिवसभर मोडू नये. वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या पायांनी ठरवावा. फाटा आला की पुढच्याने थांबावे आणि शेवटचा माणूस दिसल्याशिवाय वळू नये. मित्रांमध्ये थट्टामस्करीत मागे पडलेल्याला चिडवण्याची सवय असते, ती येथे घरी ठेवून यावी, कारण चिडवण्याच्या भीतीने दमलेला माणूस दमल्याचे सांगत नाही आणि मग परतीच्या वाटेवर त्याचे पाय बोलू लागतात.

प्रत्येकाने स्वतःचे तीन लिटर पाणी बाळगावे. गडावर तलाव आहे, पण ते पाणी गाळून व शुद्ध करूनच प्यावे. जेवणासाठी भाकरी, सुके पिठले, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि केळी यांसारखे न सांडणारे, न बिघडणारे पदार्थ उत्तम. चढता-चढता तोंडात टाकायला भडंग चांगले. सकाळी वाटेत तर्रीदार मिसळ खाण्याचा मोह अनेकांना आवरत नाही, परंतु तीन तास उन्हात चालायचे असताना ती तहान वाढवते, म्हणून ती परतीसाठी राखून ठेवावी आणि सकाळी पोहे किंवा उप्पीट खावे. पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब विजार, घोटे झाकणारे व खडबडीत तळाचे बूट, टोपी, प्रत्येकाकडे एक विजेरी, शिट्टी आणि गटात एक प्रथमोपचाराची पेटी एवढे पुरे आहे.

चिक्केवाडीपासून पुढे वाट दाट झाडीतून जात खिंडीकडे उतरते आणि समोर गडाचा तट दिसू लागतो. या खिंडीमुळेच गडाला घाटमाथ्यापासून संरक्षण मिळाले. १६६७ मध्ये आदिलशाही फौजेने रांगण्याला वेढा घातला तेव्हा शिवाजी महाराजांनी स्वतः येऊन तो मोडून काढला. दरवाजे ओलांडून आत गेल्यावर वाड्याचे अवशेष, तलाव आणि रांगणाई देवीचे दीपमाळ असलेले मंदिर लागते. देऊळ पाहून लगेच जेवायला बसण्याची चूक बहुतेक गट करतात आणि मग पश्चिमेकडील भाग घाईत उरकतात. त्याऐवजी पोहोचल्याबरोबर आधी पश्चिमेचा तट गाठावा. सकाळी ऊन पाठीमागून येत असल्याने कोकणातील नारूर गाव, भाताची खाचरे, नारळी-पोफळीच्या बागा आणि कुडाळकडचा सखल मुलूख स्पष्ट दिसतो. हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला मनोहर-मनसंतोषगडाची जोडीही ओळखता येते. दुपारनंतर दरीतून धूसरपणा वर येतो आणि ऊन डोळ्यांवर येते. सोंडेसारखी पुढे गेलेली माची आणि कोकणाच्या वाटेवरचा दरवाजा पाहताना तटाच्या कडेपासून दोन पावले आतच राहावे, कारण सुकलेल्या गवताखाली सुटलेले दगड असतात. छायाचित्रासाठी तटावर चढू नये.

रांगण्याच्या रानात गवे आणि अस्वले आहेत. गवा दिसल्यास थांबावे, आवाज करू नये, त्याला वाट मोकळी करून द्यावी. एकटा नर असेल तर अधिकच अंतर ठेवावे. अस्वलाशी अवचित गाठ पडू नये म्हणून दाट झाडीत आपापसांत बोलत चालणे बरे. मधमाश्यांबाबत मात्र सर्वाधिक दक्षता घ्यावी. पाटगाव हे मधाचे गाव म्हणून ओळखले जाते आणि तेथे पेट्यांत पाळल्या जातात त्या सातेरी माश्या शांत असतात, पण कड्यांना आणि उंच झाडांना पोळी बांधणाऱ्या आग्या माश्या तशा नाहीत. अत्तर लावू नये, धूर करू नये, पोळ्याच्या दिशेने दगड मारू नये. माश्या उठल्याच तर हात न झटकता, चेहरा कापडाने झाकून तेथून लांब पळत जावे आणि काटे नखाने खरवडून लगेच काढावेत. दगडांखाली फुरसे असू शकते, म्हणून न पाहता हात टेकू नये. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा करकचून बांधणे हे काहीही न करता तो अवयव स्थिर ठेवावा, माणसाला चालू न देता उचलून गाडीपर्यंत आणावे, नेटवर्क मिळताच १०८ ला फोन करावा आणि गारगोटीच्या ग्रामीण रुग्णालयाकडे निघावे.

परतीच्या प्रवासात गळीत हंगाम लक्षात ठेवावा. नोव्हेंबरपासून बिद्रीच्या परिसरात उसाने भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रीही रस्त्यावर असतात आणि अनेकांना मागे दिवा नसतो. दिवसभर चाललेल्या माणसाऐवजी, शक्य असल्यास, गाडीपाशीच थांबलेल्या चालकाने गाडी चालवावी.

घरी पोहोचल्यावर कपडे लगेच गरम पाण्यात टाकून अंघोळ करावी आणि काखा, गुडघ्यांची मागची बाजू, केसांची मुळे येथे गोचीड चिकटली आहे का ते नीट तपासावे. शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि हिवाळा-उन्हाळ्याच्या महिन्यांत त्याचा धोका अधिक असतो. चावा लागल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत तो दिसू लागतो. म्हणून पुढच्या आठवडाभरात अचानक तीव्र ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे आणि आपण सह्याद्रीच्या जंगलात फिरून आलो आहोत हे त्यांना स्वतःहून सांगावे.