दोनशे फोटो, दोनशे शेपट्या: स्नॉर्केलिंग करताना या चुका टाळा

डिसेंबर संपला की मालवणला स्नॉर्केलिंग करून, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं जग बघून, परतलेली मंडळी माझ्यापुढे फोन धरतात. "पाण्याखालचे फोटो काढलेत, पण काहीतरी गडबड आहे, बघ ना." गडबड दरवर्षी तीच असते. हिरवट धुकं, त्यात पांढरे ठिपके, आणि कोपऱ्यात फ्रेमबाहेर निघालेली माशाची शेपटी.

पहिल्याच उडीत कॅमेरा हातात

माझ्या मते निम्मे फोटो इथेच वाया जातात. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडी थांबते, लाइफ जॅकेट आणि मास्क चढतो. ज्याने आयुष्यात कधी तोंडाने श्वास घेत पाण्यात डोकं घातलेलं नाही, तो गडी शिडी उतरतानाच रेकॉर्डिंगचं बटण दाबतो. मग छाती धपापते, पाय सायकल मारल्यासारखे चालतात, उथळ जागी तळाची वाळू वर येते आणि मासे पसार होतात. आमचा होडीवाला असल्यांना एकच वाक्य ऐकवतो, "आधी श्वास घेवक शिका, फोटो मगे."

पहिली पंधरा मिनिटं माझा कॅमेरा होडीतच राहतो. इतकी वर्षं जातोय, तरी अजूनही. "पण वेळच अर्ध्या तासाचा असतो हो!" असतो ना. त्यातली पंधरा मिनिटं पोट पाण्याला लावून, हातपाय न हलवता नुसतं तरंगा. अंगावर काळे पट्टे आणि पाठीवर पिवळी झाक असलेले सार्जंट मेजर मासे थोड्या वेळाने स्वतःच चौकशीला येतात. त्यांच्यामागे पोहायला लागलात की शेपटीच मिळणार. पाण्यात माशाशी शर्यत लावून जिंकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

वरून खाली फोटो

माशाची पाठ तळाच्या रंगाशी मिसळून जाते, त्यामुळे वरून काढलेल्या फोटोत तो हरवतो. लाइफ जॅकेट घालून बुडी मारता येत नाही, आणि फोटोसाठी जॅकेट काढायचा विचारही करू नका. मी हात सरळ खाली सोडतो, मनगट वळवून लेन्स आडवी करतो आणि स्क्रीनकडे न बघता पाच-सहा फोटो काढतो. उन्हाच्या चकाकीत स्क्रीन तशीही दिसत नाही. आंधळा कारभार आहे, पण माशाचा डोळा मिळतो.

लांबून झूम

पाण्यातून पाहताना चार फुटांवरचा मासा तीन फुटांवर वाटतो. नजर फसते, आणि मधल्या पाण्यातला गाळ फोटोचा सगळा कस खाऊन टाकतो. झूम केलंत की गाळही मोठा होतो. हात लांबवला तर लागेल इतकं जवळ जाता आलं तरच बटण दाबा, नाहीतर नुसतं बघा.

फ्लॅश बंद. ते पांढरे ठिपके म्हणजे त्याच गाळावर उडालेला उजेड. मासे जमावेत म्हणून काही ठिकाणी पाव कुस्करून टाकतात. तो खाऊन माशांचं भलं होत नाहीच, वर फोटोत ठिपक्यांच्या जोडीला पावाचे तुकडे तरंगतात.

होडीत कॅमेऱ्याची केस उघडणं

हा गुन्हा मी स्वतः केलाय, म्हणून जरा जास्त बोलतो. काही वर्षांपूर्वी तारकर्लीला बॅटरी संपत आली, बाकीचे पाण्यात उतरले होते, आणि मी हलत्या होडीत, ओल्या हातांनी वॉटरप्रूफ केस उघडली. बॅटरी बदलली, खटका लावला, उतरलो. दोन-तीन मिनिटांत केसच्या कोपऱ्यातून मोत्यांच्या सरीसारखे बारीक बुडबुडे वर जाताना दिसले. छान दिसतायत, असं मला वाटलं! मग स्क्रीनच्या खालच्या कडेला अर्धा चमचा पाणी डुचमळायला लागलं. वर येईपर्यंत लेन्सच्या आत थेंब. रात्री केस तपासली, तर पाणी अडवणाऱ्या रबराच्या रिंगवर एक केस आडवा चिकटलेला. माझ्याच डोक्यावरचा, आणि तिथेही आता फारसे उरलेले नाहीत.

तेव्हापासून केस आदल्या रात्रीच बंद होते. खोलीत एसी असेल तर तो लावून, म्हणजे आत कोरडी हवा राहते आणि गार पाण्यात काचेला आतून वाफ धरत नाही. सोबत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी. रिंग बाहेर काढून बोटाच्या पेराने फिरवून बघतो. वाळूचा कण डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो. मग कॅमेऱ्याऐवजी टिशू पेपर घालून केस अर्धा तास बादलीत बुडवतो, वर दगड. टिशू कोरडा निघाला तरच कॅमेरा आत. बॅटरी पूर्ण भरलेली, कार्ड रिकामं. मध्येच संपलं तर संपलं.

"माझा फोन वॉटरप्रूफ आहे"

फोनवर लिहिलेलं आयपी ६८ म्हणजे धूळ-पाणी रोखण्याचं मानांकन. त्याची चाचणी साध्या पाण्यात होते, समुद्राच्या खाऱ्या पाण्यात नाही. फोनसाठी वॉटरप्रूफ पाऊच वापरलात तरी टचस्क्रीन पाण्याखाली ऐकत नाही. आवाजाच्या बटणाने फोटो निघेल अशी सोय वरच करून घ्या. आणि किनाऱ्यावर घेतलेल्या स्वस्त पाऊचचीही टिशू परीक्षा घ्या. घाईने पाऊच घेणारे मला दुपारी तांदळाच्या डब्यात फोन पुरताना भेटतात.

तिथी न बघता जाणं

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी ढवळून निघतं. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती असते, तेव्हा ओढ कमी आणि पाणी त्यातल्या त्यात नितळ. दुपारी खारे वारे सुटायच्या आत, नऊ ते अकरात उतरा. सूर्य पाठीमागे ठेवा. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी विरतो, पण पाण्याच्या वरच्या मीटरभरात ऊन पुरतं. लाल फिल्टरवर पैसे घालवू नका.

सनस्क्रीनच्या बोटांनी काचेला हात लावू नका. मिशा असतील तर मास्कमध्ये पाणी येणारच, ती कॅमेऱ्याची चूक नाही.

फोटोसाठी प्रवाळावर उभं राहणारा दिसला की माझं डोकं फिरतं. फांदी मोडून "आठवण" म्हणून आणणाऱ्यांनी हेही ऐकावं: प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२चं संरक्षण आहे, आणि मालवणला १९८७पासून सागरी अभयारण्य आहे.

परत आल्यावर केस न उघडता गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवा आणि सगळी बटणं दाबून मीठ सोडवा. पुसून कोरडी झाल्यावरच, तोंड खाली करून उघडा. बादली मात्र लॉजवाल्याकडे सकाळीच मागून ठेवा. संध्याकाळी सगळ्या बादल्यांत ओले कपडे असतात.