छोट्या विमानातली छोटी सफर: या चुका टाळा

चाळीस मिनिटं उडायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने किंवा एखाद्या दरीवरून चक्कर मारायची, पलीकडच्या धावपट्टीवर उतरून पाय मोकळे करायचे आणि ऊन कलायच्या आत परत यायचं. वैमानिकाचा परवाना हातात पडला की बहुतेकांच्या मनातली पहिली सफर अशीच असते, आणि ती जरूर करावी. नदी कशी वळणं घेते, डोंगराची सोंड कुठे संपते, हे एकदा वरून पाहिलं की नकाशा वाचायची नजरच बदलते.

पण अशा सफरींत मी स्वतः केलेल्या आणि बरोबरीच्या वैमानिकांना करताना पाहिलेल्या चुका फिरून फिरून त्याच आहेत. लांब जायचं असेल तर आपण आदल्या रात्रीपासून हवामान बघतो, वजनाचा हिशेब मांडतो. जवळ जायचं म्हटलं की तेच काम ‘बघू तिथे गेल्यावर’ होतं. खरं तर तीन टप्प्यांच्या छोट्या सफरीत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग असतात, म्हणजे जमिनीजवळचा वेळ लांबच्या सरळ उड्डाणापेक्षा जास्त. तयारी उलट जास्त लागते.

खुर्च्या चार, माणसं तीन

सेस्ना १७२ एस या सर्वपरिचित विमानाचं उदाहरण घेऊ. टेक-ऑफच्या वेळी त्याचं कमाल वजन २५५० पौंड, म्हणजे सुमारे ११५७ किलो. वापरता येण्याजोगं इंधन ५३ अमेरिकन गॅलन, सुमारे २०० लिटर. त्याचंच वजन १४४ किलोच्या आसपास. टाक्या काठोकाठ भरल्या की माणसं आणि सामान मिळून साधारण २५० किलो उरतात. पंचाहत्तर किलोची चार मोठी माणसं बसवलीत तर गणित तिथेच संपलं, कॅमेऱ्याची बॅग अजून बाहेरच आहे.

वजन दहा टक्क्यांनी वाढलं तर टेक-ऑफला लागणारं अंतर साधारण वीस टक्क्यांनी वाढतं. मागच्या खुर्च्या आणि सामानाची जागा भरली की गुरुत्वमध्य मागे सरकतो. मग नाक हलक्या हाताने वर येतं आणि स्टॉलमधून (पंखांची उचल तुटते त्या अवस्थेतून) बाहेर पडणं अवघड होतं. लोकांना वजन विचारायला संकोच वाटतो, पण विचाराच. बॅगा काट्यावर ठेवा. छोट्या सफरीची एक सोय म्हणजे टाक्या पूर्ण भरायची गरज नसते. राखीव इंधन धरून लागेल तेवढंच घ्या. तरीही आकडा बसत नसेल तर एक माणूस दुसऱ्या फेरीला न्या.

गरम दुपार आणि उंचावरची धावपट्टी

प्रमाण हवामानात समुद्रसपाटीला तापमान १५ अंश धरतात आणि दर हजार फुटांना ते सुमारे २ अंशांनी उतरतं. म्हणजे ५००० फूट उंचीच्या धावपट्टीवर ५ अंश अपेक्षित. दुपारी तिथे ३० अंश असतील तर फरक २५ अंशांचा. प्रत्येक जादा अंशाला सुमारे १२० फूट धरले की विमानाच्या लेखी ती धावपट्टी ८००० फुटांवर आहे. हीच डेन्सिटी अल्टिट्यूड. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद, प्रोपेलरची ओढ आणि पंखांची उचल, तिन्ही एकदमच घटतात.

लक्षण असं: विमान धावतच राहतं, कसंबसं उचलतं, आणि पंधरा-वीस फुटांवर लोंबकळतं. जमिनीलगतच्या हवेच्या आधारावर ते उचललेलं असतं; त्यावर जायला त्याच्याकडे ताकद नसते. अशा वेळी हात आपोआप नाक वर ओढतो. तसं केलं की वेग आणखी पडतो. नाक किंचित खाली ठेवून आधी वेग कमवायचा असतो, आणि त्यासाठी पुढे धावपट्टी शिल्लक असावी लागते.

म्हणून निर्णय आधी घ्या. अर्धी धावपट्टी सरली तेव्हा उचलायच्या वेगाच्या सत्तर टक्के वेग आलेला नसेल तर थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा) बंद, ब्रेक, संपलं. हा अर्ध्याचा खुणेचा दगड किंवा दिवा टॅक्सी करतानाच (जमिनीवरून धावपट्टीकडे जातानाच) हेरून ठेवा. सुमारे ३००० फुटांवरच्या उंचीवर साधं, टर्बो नसलेलं इंजिन पूर्ण रिच (हवेच्या मानाने जास्त इंधनाच्या) मिश्रणावर कुंथतं, तेव्हा हँडबुकाप्रमाणे टेक-ऑफपूर्वीच मिक्श्चर लीन करा, म्हणजे त्यातलं इंधन कमी करा. हे विसरणारे मी बरेच पाहिलेत. सेस्नाच्या तक्त्यांत कोरड्या गवताच्या पट्टीसाठी जमिनीवरच्या धावेत १५ टक्के, आणि मागच्या वाऱ्यासाठी दर २ नॉटना (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) १० टक्के वाढ धरायला सांगितली आहे. तक्त्यातले आकडे नव्या विमानाचे आणि सरावलेल्या हाताचे असतात. ब्रिटनची नागरी विमान वाहतूक संस्था खासगी वैमानिकांना टेक-ऑफच्या अंतराला १.३३ ने आणि लँडिंगच्या अंतराला १.४३ ने गुणायला सांगते, तेही करा. सगळ्यांत सोपा उपाय पहाटेचा. हवा थंड असते, तापून वर चढणाऱ्या हवेच्या उकळ्या सुरू झालेल्या नसतात, आणि देखावाही तेव्हाच स्वच्छ दिसतो.

इंधन: गेजच्या काट्यावर नको, डोळ्यांनी

टाकीचं झाकण उघडून डिपस्टिक बुडवणं हा एकमेव खात्रीचा मार्ग आहे. नंतर हवेत घड्याळावरून खर्च मोजा. छोट्या टप्प्यांत ताशी सरासरी फसवते, कारण वेळेचा मोठा भाग टॅक्सी आणि चढाईत जातो आणि तिथे इंजिन जास्त पितं. ‘पलीकडे भरू’ या भरवशावर निघू नका, पंप बंद असू शकतो. अमेरिकेतल्या नियमात दिवसाच्या दृश्य (बाहेर बघून करायच्या) उड्डाणाला ३० मिनिटांचं राखीव इंधन पुरतं. मी एक तास ठेवते आणि त्याबद्दल कुणाशी वाद घालत नाही.

पाणी तपासताना एक फसगत होते. पेट्रोलपेक्षा पाणी जड, त्यामुळे ते नमुन्याच्या भांड्यात तळाशी वेगळं दिसतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण भांडं पूर्णच पाण्याने भरलं तर रेघ दिसणार नाही; सगळं एकसारखं, स्वच्छ! म्हणून रंग बघा. १०० एलएल हे छोट्या विमानांचं पेट्रोल निळसर असतं. शंका वाटली तर वास घ्या. प्रत्येक वेळी इंधन भरल्यावर थोडा वेळ थांबून सगळ्या निचरा-तोट्यांतून नमुना घ्या, एकाच नव्हे.

हवेत इंजिन अडखळलं तर आधी विमान ग्लाइडच्या (इंजिनाशिवाय तरंगत उतरायच्या) वेगावर आणा, उतरायची जागा निवडा, आणि मग टाकीचा सिलेक्टर, इंधन पंप, मिक्श्चर, कार्ब्युरेटर हीट, मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रणा) असं हात फिरवा.

कार्ब्युरेटर हीट, म्हणजे हवा आणि इंधन मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला गरम हवा द्यायची सोय, तिच्याबद्दल थोडं जास्त. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचं बाष्पीभवन आणि हवेचा दाब घटणं यामुळे तापमान वीस अंशांहून जास्त उतरू शकतं. त्यामुळे बाहेर सुखद वीस अंश आणि दमट हवा असतानाही आत बर्फ धरतो. तळ्याकाठची, नदीवरची, पावसानंतरची सुंदर सकाळ याला अगदी पोषक. फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन न बदलणाऱ्या) प्रोपेलरच्या विमानात आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) हळूहळू उतरत जातो आणि आपण नकळत थ्रॉटल पुढे सारत राहतो. हीट पूर्ण ओढा. इंजिन आधी आणखी खडखडेल, आरपीएम आणखी पडेल. घाबरून हीट परत आत ढकलू नका. तो खडखडाट वितळलेल्या बर्फाचा आहे. थोड्या वेळात आरपीएम वर येतो.

घिरट्या

मला सगळ्यांत कळकळीने लिहायचंय ते याबद्दल. किल्ला, धबधबा, ओळखीच्या कुणाचं घर. ‘अजून एकदा, जरा खालून’ असं मागून कुणीतरी म्हणतं. तुमची नजर पंखाच्या टोकाखाली अडकते. वारा विमानाला लक्ष्यापासून ढकलत असतो, म्हणून तुम्ही बँक (वळताना विमान एका बाजूला कलतं तो कोन) वाढवता. वारा पाठीशी आला की जमीन भराभर सरकते, वेग भरपूर आहे असं वाटतं आणि हात थ्रॉटल कमी करतो. लक्ष्य पंखामागे सरकलं की पाय रडर (शेपटीचं सुकाणू) दाबतो. स्टॉल आणि स्पिनची (गरगरत खाली पडण्याची) सगळी सामग्री इथे जमली, आणि खाली उंची शिल्लक नाही. अलास्कात अशा अपघाताला मूसचं नाव पडलंय, कारण तिथे लोक मूस हरणाभोवती घिरट्या घालताना पडतात.

आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. उंची राखून ४५ अंश बँक केली तर स्टॉलचा वेग १९ टक्के वाढतो, ६० अंशांना ४१ टक्के. वळणाच्या जागेचंही तसंच. १०० नॉट वेगाने ३० अंश बँकमध्ये पूर्ण मागे फिरायला सुमारे ९३० मीटर रुंदी लागते. ७० नॉटना ती निम्मी होते, सुमारे ४६० मीटर. यात वारा धरलेला नाही. १०० नॉटच्या त्या वळणाला अर्धा मिनिट लागतो, आणि तेवढ्यात १५ नॉटचा वारा विमानाला २०० मीटरहून जास्त सरकवतो.

११ ऑक्टोबर २००६ रोजी न्यूयॉर्कमध्ये हेच घडलं. बेसबॉलपटू कोरी लायडल आणि त्याच्या सोबतचा प्रशिक्षक सिरस एसआर २० घेऊन ईस्ट नदीवरून शहर बघत निघाले होते. पुढे हवाई मार्ग बंद, म्हणून मागे वळायचं होतं. नदीची पूर्ण रुंदी न वापरता त्यांनी वळण सुरू केलं, वारा पूर्वेकडून मॅनहॅटनच्या इमारतींकडे ढकलत होता. विमान एका निवासी इमारतीवर आदळलं आणि दोघेही गेले. मर्यादित जागेत १८० अंश वळण्याचं अपुरं नियोजन आणि चुकलेला अंदाज, असं कारण तपासात निघालं. विमानात बिघाड नव्हता.

काय करायचं? जमिनीपासून किमान हजार फूट ठेवा. बँक ३० अंशांच्या आत. लक्ष्याभोवती फिरण्यापेक्षा ते प्रवाशाच्या बाजूला ठेवून शेजारून सरळ जा, दूर जाऊन निवांत वळा, परत या. वरच्या पंखाच्या विमानात फोटोही असेच चांगले येतात, कारण वळताना आतला पंख खाली येऊन समोरचा देखावा झाकतो. आणि बघायचं काम प्रवाशांवर सोपवा. मी काही जागांवरून दहा वेळा गेले आहे आणि त्या मी फक्त इतरांच्या फोटोंत नीट पाहिल्यात. त्याचं मला वाईट वाटत नाही.

दरीत शिरताना हेच गणित पुढे चालतं. दरीच्या मधून उडू नका, एका कडेने उडा, म्हणजे वळायला पूर्ण रुंदी हाताशी राहते. शक्यतो वारा चढतो त्या उताराची कड धरा. चढत्या दरीत खालून वर जाऊ नका. तळ तुमच्यापेक्षा वेगाने चढत असेल तर ते उशिरा कळतं, कारण उतारामुळे क्षितिजाचा अंदाज चुकतो. माथ्याकडून शिरा आणि उताराच्या दिशेने बाहेर पडा. डोंगराची धार ओलांडताना ४५ अंशांच्या कोनात जा, हजार फूट वरून. वारा जोराचा असेल तर दोन हजार. खाली खेचणारी हवा लागली तर तिरक्या कोनातून परत वळायला थोडंच वळावं लागतं. धारेवर २५ नॉटहून जास्त वारा असेल तर तो दिवस डोंगराचा नाही.

देखावा सगळ्यांनाच हवा असतो

८ ऑगस्ट २००९ रोजी हडसन नदीवर एक पायपर विमान आणि पर्यटकांचं हेलिकॉप्टर धडकून ९ जण गेले. १८ जून १९८६ ला ग्रँड कॅन्यनवर पर्यटकांचं ट्विन ऑटर विमान आणि हेलिकॉप्टर धडकून २५. प्रेक्षणीय जागी दिवे लावा, ठरलेल्या उंचीवर राहा, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जागेचं नाव घेऊन आपली उंची आणि दिशा सांगत राहा, आणि प्रवाशांनाही दुसरं विमान दिसलं की लगेच बोलायला सांगा.

ढगाशी घासाघीस

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचं दिसेनासं करून उडवलं. वीसही जणांचा विमानावरचा ताबा गेला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत.

‘जवळच तर आहे, ढगाखालून निघून जाऊ’ हे वाक्य छोट्या सफरीतच ऐकू येतं. माझा नियम असा: ढगामुळे ठरलेली उंची एकदा सोडावी लागली तर सावध व्हायचं, दुसऱ्यांदा सोडावी लागली तर मागे फिरायचं, समोर कितीही उजेड दिसला तरी. मागचं हवामान तुम्ही नुकतंच पाहिलेलं असतं. संध्याकाळी आणखी एक गोष्ट: वर ऊन असलं तरी दरीतली धावपट्टी केव्हाच सावलीत गेलेली असते.

प्रवासी आणि दुसरा टप्पा

पट्टा कसा सुटतो, दार कसं उघडतं, उलटीची पिशवी कुठे आहे, हे निघण्यापूर्वी सांगा. टेक-ऑफ आणि लँडिंगच्या वेळी गप्पा बंद. कॅमेऱ्याचे लोंबते पट्टे कंट्रोलमध्ये अडकतात, ते गळ्यात किंवा मनगटाला गुंडाळायला लावा. हवेत दार किंचित उघडलं तर मोठा आवाज होतो, विमान मात्र उडत राहतं. दाराकडे झेपावू नका, फेरी मारून उतरा. आणि प्रोपेलर पूर्ण थांबल्याशिवाय कुणीही खाली उतरायचं नाही. फोटोच्या उत्साहात लोक सरळ पुढच्या बाजूने चालत येतात, म्हणून हे दोनदा सांगा.

मधल्या थांब्यानंतरचा टेक-ऑफ मला सगळ्यांत नाजूक वाटतो. पोट भरलेलं, ऊन चढलेलं, मनाने आपण ‘आत्ताच तर तपासलं’ म्हणतो. एकदा अशाच थांब्यावर विमान ढकलून झाल्यावर टो-बार (विमान ओढायचा दांडा) पुढच्या चाकाला तसाच राहिला होता. लांबून एक माणूस हात हलवत धावत आला म्हणून इंजिन सुरू करायचं राहिलं. तेव्हापासून प्रत्येक टप्प्याआधी मी विमानाभोवती पूर्ण फेरी मारते आणि चेकलिस्ट पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचते. फ्युएल इंजेक्शनचं गरम इंजिन नेहमीच्या पद्धतीने सुरू होत नाही, कारण नळ्यांत इंधनाची वाफ झालेली असते. हँडबुकातली हॉट स्टार्टची कृती वेगळी आहे, ती वापरा. स्टार्टर घुरघुरत ठेवू नका, मध्ये विसावा द्या. अल्टिमीटरचं (उंची दाखवणाऱ्या उपकरणाचं) हवेच्या दाबाचं सेटिंगही नवं घ्या. एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे सुमारे ३० फूट.

उतरल्यावर फ्लाइट प्लॅन बंद केल्याचं कळवायला विसरू नका, म्हणजे तुम्ही चहा पीत असताना कुणी तुम्हाला डोंगरात शोधत बसणार नाही.